सल्ला देणारा कुणाचा पगार खातो?

ज्यांची हयात गिरणगावात गेली, त्यांना जॉबर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कामावर लावणारा तोच आणि बदली कामगाराला आज आत घ्यायचे की दारातून परत पाठवायचे हे ठरवणारा तोच. बोलायचा असा की जणू आपल्याच गावचा मामा. पण त्याचा पगार मालक देत असे आणि वर कामगाराकडून दस्तुरी घेतली जाई. मालकाचा आणि कामगाराचा तंटा उभा राहिला की हा मामा कुणाच्या बाजूने उभा राहणार, हे आमच्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते त्याच्याशी गोड बोलत, पण आपल्या घरच्या व्यवहारात त्याचा सल्ला विचारीत नसत.

आता त्या गिरण्या राहिल्या नाहीत आणि ते जॉबरही राहिले नाहीत. पण मालकाचा पगार खाऊन कामगाराचा मामा होणारी जात काही संपलेली नाही. ती आता बँकेच्या गार खोलीत बसते, टीव्हीवर शेअरचे भाव सांगते, छापील अहवालात इंग्रजी लिहिते. आपल्या घरात प्रॉव्हिडंट फंडाचे, ग्रॅच्युइटीचे, नुकसानभरपाईचे किंवा मुलीच्या लग्नासाठी साठवलेले दोन पैसे आले की ती बरोबर आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही हाच विषय घेतला आहे.

दोन घरचा पाहुणा

अर्थव्यवहाराच्या पुस्तकात याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट साधी आहे. एकाच खटल्यात एकाच वकिलाने वादीचे आणि प्रतिवादीचे, दोघांचेही वकीलपत्र घेतले तर काय होईल? तो वकील माणूस म्हणून वाईट असेलच असे नाही. पण एकाचे भले करायचे तर दुसऱ्याचे नुकसान करावे लागेल, अशा जागी तो स्वतःहून जाऊन बसला आहे. अशा वेळी जो जास्त फी देतो त्याचेच काम होते. दोन घरचा पाहुणा उपाशी अशी आपल्याकडे म्हण आहे. पैशाच्या बाजारात मात्र उलटा प्रकार दिसतो. तिथे पाहुणा दोन्ही घरी जेवतो आणि घरधनी उपाशी राहतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे चोरी नव्हे. चोरी झाली की पोलीस येतात. हितसंबंधांच्या संघर्षात बहुतेक वेळा सगळे कागद नियमात असतात आणि खाली आपलीच सही असते. त्यामुळेच तो चोरीपेक्षा ओळखायला अवघड. कष्टकरी माणूस खिसेकापूपासून सावध असतो, पण टाय घातलेल्या माणसासमोर मात्र संकोचतो.

कर्ज देणारा आणि घेणारा एकच

पहिले उदाहरण आपल्या मुंबईचेच. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक, म्हणजे पीएमसी बँक, अनेकांना आठवत असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला सुरुवातीला अवघे एक हजार रुपये काढता येतील, असा हुकूम निघाला. टॅक्सीचालक, छोटे दुकानदार, पेन्शनर, गृहनिर्माण सोसायट्या असे लाखो खातेदार रातोरात हवालदिल झाले. बँकेत ठेवी होत्या सुमारे ११ हजार ६०० कोटी रुपयांच्या.

हे कसे झाले? बँकेने दिलेल्या एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या घरातली रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. एका समूहाला किती कर्ज द्यायचे याला रिझर्व्ह बँकेची मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडल्याचे दिसू नये म्हणून २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती कागदावर दाखवल्याचे तपासात पुढे आले. आणि या बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच बांधकाम कंपनीच्या संचालक मंडळावर बसत होते!

आता वाचकांनीच विचार करावा. ठेवीदाराच्या पैशाची राखण करणे हे बँकेच्या अध्यक्षाचे काम. कर्जदार हप्ते देत नसेल तर कडक व्हायचे तेही त्यांनीच. पण कर्जदाराशीच जुने लागेबांधे असतील तर कडक कोण होणार? कुंपणानेच शेत खाल्ले तर राखण कुणी करायची?

असा अनुभव हा पहिलाच नव्हता. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक बुडाली. शेअर दलालाला दिलेली बेसुमार कर्जे हे तिचे कारण होते. त्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून नागरी सहकारी बँकांनी आपल्या संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि त्यांचा हितसंबंध असलेल्या संस्थांना कर्ज देऊ नये, अशी बंदी रिझर्व्ह बँकेने घातली. नियम चांगला होता. पण नियम कागदावर असतो आणि माणसे त्याच्या आजूबाजूने वाट काढतात. सोळा वर्षांनी पीएमसीने तेच दाखवून दिले.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्यावरची रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले, आणि मोठी ठेव असेल तर शेवटच्या हप्त्यासाठी दहा वर्षे थांबणे आले. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला दहा वर्षे थांबा म्हणून सांगणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या प्रकरणातून घराघरांत एक नियम पाठ व्हायला हवा. ठेवींचा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाला आहे. ही मर्यादा एका बँकेत एका माणसासाठी आहे आणि ती मुद्दल व व्याज धरून आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत चार खाती उघडली तरी पाच लाखच. तेव्हा सगळी पुंजी एका बँकेत ठेवू नये. मग ती बँक कितीही ओळखीची असो आणि तिचे संचालक आपल्या सभेला कितीही वेळा पाहुणे म्हणून येऊन गेलेले असोत.

ठेव मोडून 'सुपर एफडी'

दुसरे उदाहरण येस बँकेचे. बँकांना भांडवल लागते, म्हणून त्या एक खास प्रकारचे रोखे काढतात. त्यांना एटी-वन रोखे म्हणतात. त्यांवर व्याज चांगले मिळते, पण अट मोठी असते. बँक अडचणीत आली तर हे रोखे शून्य किमतीचे ठरवता येतात. म्हणजे मुद्दलही गेले आणि व्याजही गेले. हे रोखे मोठ्या संस्थांसाठी. ज्यांच्याकडे कायद्याचे आणि हिशेबाचे जाणकार पगारावर असतात, त्यांनी तो धोका पत्करावा.

पण सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने, चौकशी केली तेव्हा वेगळेच दिसले. १,३४६ व्यक्तींनी या रोख्यांत सुमारे ६७९ कोटी रुपये घातले होते. त्यांतले १,३११ जण येस बँकेचेच खातेदार होते. २७७ खातेदारांनी तर आपली चालू मुदत ठेव मुदतीआधी मोडून सुमारे ८० कोटी रुपये या रोख्यांत वळवले होते. रोखे विकताना त्यांना 'सुपर एफडी' म्हटले जात होते, असेही सेबीच्या आदेशात नोंदले आहे.

मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि ८,४१५ कोटी रुपयांचे हे रोखे शून्य करण्यात आले. साध्या मुदत ठेवी वाचल्या, 'सुपर' ठेवी मात्र बुडाल्या. एप्रिल २०२१ मध्ये सेबीने बँकेला २५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बँकेने त्याविरुद्ध अपील केले. रोखे शून्य करण्याचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तेव्हा ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्यात खातेदाराची वर्षे जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने नियम केला की असे रोखे एक कोटी रुपयांखाली विकायचेच नाहीत. म्हणजे सामान्य माणसापर्यंत ही वस्तू यायलाच नको होती, हे सरकारी यंत्रणेनेही उशिरा का होईना मान्य केले.

यात संघर्ष कुठे होता? ज्या अधिकाऱ्याने खातेदाराला 'घ्या' म्हणून सांगितले, तो खातेदाराचा सल्लागार म्हणून समोर बसला होता. प्रत्यक्षात तो स्वतःच्या बँकेसाठी भांडवल गोळा करत होता. भाजीवाला आपली भाजी ताजी आहे असे म्हणतो तेव्हा आपण हसून दोन वांगी दाबून बघतो. बँकेच्या माणसाने म्हटले की आपण सही करतो. फरक एवढाच.

काउंटरवरची पॉलिसी

कुणी म्हणेल, कोटींच्या गोष्टी आपल्याला काय करायच्या? म्हणून आता लाखाची गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतले एक गृहस्थ महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला, "काका, एकदा भेटून जा." बँकेचे नाव आम्ही इथे घेत नाही. काका गेले. खुर्ची मिळाली, चहा मिळाला. छत्तीस वर्षे झाडू हाती धरलेल्या माणसाला साहेबाच्या खोलीत खुर्ची मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. एफडीपेक्षा जास्त मिळेल आणि विमाही होईल, असे सांगून इंग्रजी अर्जावर सह्या घेतल्या. काका समजले, दोन लाख एकदाच भरायचे. पुढच्या वर्षी घरी पत्र आले की दोन लाखांचा दुसरा हप्ता भरा. पॉलिसी सात वर्षे हप्ते भरायची होती!

काकूंनी ते पत्र आमच्याकडे आणले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता : "पेन्शन वीस हजारांची, त्यात पोरीच्या नर्सिंगची फी. आम्ही दर वर्षी दोन लाख आणायचे कुठून?" बँकेत गेलो तर पॉलिसी विकणाऱ्या बाईंची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, "सही यांचीच आहे ना?" सही काकांचीच होती. तक्रार आता लोकपालाकडे आहे.

हे असे का होते? बँका विमा कंपन्यांच्या एजंट म्हणून काम करतात आणि त्यांना त्याचे कमिशन मिळते. विमा नियामकाच्या २०१६ च्या नियमांत लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनला परवानगी होती. २०२३ मध्ये पद्धत बदलून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा घातली गेली. पण मूळ गणित तेच राहिले. खातेदाराची एफडी केली तर बँकेला तिच्यावर व्याज द्यावे लागते. तेच पैसे पॉलिसीत वळवले तर उलट कमिशन हाती येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द केंद्रीय अर्थमंत्र्यांनी बँकांना चुकीच्या विमाविक्रीबद्दल जाहीरपणे सुनावले होते. यावरून दुखणे किती जुने आणि किती पसरलेले आहे ते कळावे.

काउंटरवर बसलेली मुलगी आपली वैरी नाही, हेही आम्ही आवर्जून सांगतो. तीही कुणा कामगाराची लेक असते. महिनाअखेरीला इतक्या पॉलिसी झाल्याच पाहिजेत असा तिला वरून आकडा दिलेला असतो आणि तो भरला नाही तर तिची बदली होते. तिच्यावर ओरडून काही साधत नाही. तिच्यासमोर बसून तिचे गोड बोलणे ऐकावे, कागद मागून घ्यावा आणि घरी यावे. बस्स, एवढेच.

फंडातला एक टक्का

आता गुंतवणूक फंडांकडे वळू. आमच्या पिढीच्या घरांत युनिट ट्रस्टची 'यूएस-६४' योजना बँकेइतकीच खात्रीची मानली जाई. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सुमारे दोन कोटी लोकांचे पैसे होते. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री एकाएकी बंद करण्यात आली. सामान्य माणसाने वर्तमानपत्र उघडले तेव्हा त्याला हे कळले. मात्र त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत बड्या कंपन्यांनी हजारो कोटींचे युनिट परत करून आपले पैसे काढून घेतलेले होते. बाजारभावाने युनिटची खरी किंमत कमी होती आणि त्यांना मिळाली ती जास्त. तो फरक मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आला. आत काय शिजते आहे याचा वास ज्यांना आधी येतो, त्यांचे आणि आपले ताट एकच नसते.

आजच्या म्युच्युअल फंडांवर तेव्हापेक्षा नियमांची पकड अधिक आहे, हे कबूल केले पाहिजे. ऑगस्ट २००९ पासून गुंतवणुकीच्या रकमेतून आधीच विक्रीखर्च कापून घेणे सेबीने बंद केले. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजना दोन प्रकारांनी मिळू लागली : एक 'रेग्युलर' आणि दुसरी 'डायरेक्ट'. योजना तीच, शेअर तेच. फरक एवढाच की रेग्युलरमध्ये मध्यस्थाचे कमिशन दर वर्षी आपल्या पैशातून जाते आणि डायरेक्टमध्ये ते जात नाही.

हा फरक किती पडतो? एक हिशेब मांडू. दरमहा एक हजार रुपये, वीस वर्षे. स्वतःचे भरले २ लाख ४० हजार. वर्षाला बारा टक्के परतावा मिळाला असे धरले तर होतात सुमारे ९ लाख ८९ हजार. खर्चापायी एक टक्का कमी, म्हणजे अकरा टक्के धरले तर होतात सुमारे ८ लाख ६६ हजार. एक टक्का म्हणता म्हणता सव्वा लाखाच्या घरात रक्कम गेली. परतावा बारा टक्के मिळेलच असे कुणी लिहून देत नाही, देऊही शकत नाही. हा फक्त हिशेब समजण्यासाठी.

जो मध्यस्थ वेळेवर घरी येतो, फॉर्म भरून देतो, बाजार पडला की घाबरून पैसे काढू नका म्हणून समजावतो, त्याने आपल्या कष्टाचे घ्यावेत. आमचा त्याला विरोध नाही. पण "मी तुमच्याकडून एक पैसा घेत नाही" असे म्हणत जो जास्त कमिशनची योजना गळ्यात मारतो, तो ताकाला येऊन भांडे लपवतो आहे असे समजावे.

अभ्यास की जाहिरात?

पैशाच्या बाजारात 'संशोधन' नावाचीही एक वस्तू मिळते. अमुक शेअर घ्या, तमुक विका, असे अहवाल लिहिणारे विश्लेषक असतात. त्यांचे पितळ सर्वांत मोठ्या प्रमाणावर उघडे पडले ते अमेरिकेत. एप्रिल २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मेरिल लिंच या बड्या दलाली पेढीचे अंतर्गत ई-मेल बाहेर काढले. पेढीचा नामांकित विश्लेषक हेन्री ब्लॉजेट ज्या इंटरनेट कंपन्यांचे शेअर लोकांनी घ्यावेत म्हणून चांगला शेरा देत होता, त्यांपैकी काहींना तो खाजगीत कचरा म्हणत होता!

कारण काय? त्याच पेढीचा दुसरा विभाग त्या कंपन्यांना भांडवल उभारून देत असे आणि त्यासाठी भरघोस फी घेत असे. विश्लेषकाने खरे लिहिले तर कंपनी रुसणार, फी बुडणार आणि विश्लेषकाचा बोनसही जाणार. मग खरे कोण लिहील? एप्रिल २००३ मध्ये दहा पेढ्यांनी मिळून सुमारे १४० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ब्लॉजेटला ४० लाख डॉलर भरावे लागले आणि या धंद्यातून त्याला कायमचे बाहेर काढण्यात आले. पण तोवर इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटून सामान्य गुंतवणूकदारांची पुंजी केव्हाच गेली होती.

आपल्याकडेही वेगळे नाही. पायाभूत सुविधांच्या कामात असलेल्या आयएल अँड एफएस समूहावर २०१८ मध्ये सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज होते. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मानांकन संस्थांनी त्याच्या रोख्यांना 'ट्रिपल ए' हा सर्वोच्च दर्जा दिलेला होता. सप्टेंबरात समूहाने हप्ते चुकवले आणि दर्जा थेट तळाला गेला. पहिल्या वर्गात आलेला मुलगा महिन्याभरात नापास! अनेक कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडांचे पैसे या रोख्यांत होते. कारण 'ट्रिपल ए' पाहूनच विश्वस्त पैसे घालतात. इथेही तेच विचारायचे, की मानांकन संस्थेला फी कोण देतो? ज्या कंपनीला दर्जा द्यायचा तीच कंपनी. परीक्षकाचे मानधन विद्यार्थ्याने द्यायचे आणि परीक्षक न आवडला तर दुसरा निवडायचा, अशी ही शाळा आहे. पुढे सेबीने मानांकन संस्थांना दंड केला, पण फी देण्याची पद्धत तीच राहिली.

आणि टीव्ही? जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध आदेश काढला. तो कार्यक्रमात जे शेअर घ्यायला सांगे, ते आदल्या दिवशी त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यावर घेतले गेलेले असत, असे सेबीला आढळले. प्रेक्षकांनी खरेदी सुरू केली की भाव चढे आणि घरचे शेअर विकले जात. सेबीने सुमारे २ कोटी ९५ लाख रुपयांचा नफा गोठवला. टीव्हीवरच्या माणसाला अशी गत, तर मोबाईलवर 'लाखाचे दोन लाख' सांगणाऱ्या अनोळखी ग्रुपबद्दल काय बोलावे?

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, लाजू नये. "यात तुम्हाला किती मिळतात?" हा प्रश्न उद्धट नाही. तो आपला हक्क आहे. भाडेकरार करताना दलालाला आपण दलाली विचारतोच ना?

दुसरी गोष्ट, त्याच दिवशी सही करू नये. कागद घरी आणावा. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला तो मोठ्याने वाचायला लावावा. हप्ता किती वर्षे, मध्येच पैसे काढता येतात का, मुद्दल बुडू शकते का, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडली पाहिजेत, तोंडी नव्हे. आणि हे वाचन घरच्या बाईसमोर व्हावे. फंडाचा पैसा पुरुषाच्या नावावर येतो, पण तो बुडाला तर चूल तिला सांभाळावी लागते.

तिसरी गोष्ट, विमा आणि बचत वेगळी ठेवावी. विमा हवा असेल तर विमा म्हणून घ्यावा, ठेव हवी असेल तर ठेव ठेवावी. लॉकर किंवा कर्ज हवे तर पॉलिसी घ्याच, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसी घेतली आणि नको वाटली, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ खर्च कापून पैसे परत मिळतात. हे ३० दिवस फार मोलाचे. पाकीट कपाटात न टाकता आले त्याच दिवशी फोडावे.

चौथी गोष्ट, सल्ला देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारावा. गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषक यांना नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक नसेल तर तिथेच नमस्कार करून उठावे.

पाचवी गोष्ट, फसगत झालीच तर गप्प बसू नये. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. विम्यासाठी विमा लोकपाल, शेअर व फंडासाठी सेबीची 'स्कोअर्स' ही तक्रार व्यवस्था आहे. तक्रार लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या कार्यकर्त्याला गाठावे. एरवी सभेत भाषणे करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक संध्याकाळ असे अर्ज लिहायला दिली तर ती सभेपेक्षा कमी मोलाची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याला कुणी वारशात जमीन दिली नाही की दुकान दिले नाही. आपली पुंजी म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची हजेरी, रात्रपाळी आणि ओव्हरटाइम. ती एका चहाच्या कपावर आणि अकरा सह्यांवर कुणाच्या हवाली करायची नाही. येत्या महिन्यात ज्यांच्या घरी कुणी निवृत्त होत आहे, त्यांनी हे पान कापून फंडाच्या कागदांबरोबर ठेवावे आणि बँकेतून फोन आला की आधी ते वाचावे.

पुढील लेखात बँकेत, फंडात आणि पोस्टात वारसाचे नाव लावण्याविषयी लिहू. वाचकांचे काही प्रश्न असतील तर त्यांनी ते कार्यालयाकडे जरूर पाठवावेत.